बाकी तीन रुपये

आंबोलीहून निघालो तेव्हा पाच होतो.
तिसऱ्या दिवशी रवळू पारगडावरून परत गेला
गुडघा धरून, दुधाच्या टेम्पोत मागे बसून.
जाताना आपली बॅटरी माझ्या हातात दिली,
ती तेव्हापासून एकदाही पेटलेली नाही.
तरी सहा दिवस वाहतेय.

आज नववा दिवस.
कणकुंबीच्या शाळेच्या व्हरांड्यात जाग आली.
शिपाई तुकाप्पा बंबाला जाळ घालत सांगत होता,
"ह्या कौलावरचं हिकडलं पाणी गोव्याला जातंय,
तिकडलं मलप्रभेतनं पार बंगालच्या समुद्राला.
मी मात्र दोन्हीकडं गेलो नाही.
बेळगावला गेलतो, मोतीबिंदूला."

जांबोटीपर्यंत डांबरी आहे, सरळ, सोपी.
कुणी काही बोललं नाही,
पण चौघांचेही पाय आपोआप आतल्या बैलवाटेला लागले.
तेवढेच दोन तास जास्त.

इनासच्या बुटाचा तळ उघडा पडलेला,
काथ्याने बांधलेला,
प्रत्येक पावलाला चप्प, चप्प.
चौथ्या दिवशी या आवाजावरून मी त्याच्याशी भांडले होते,
खूप वाईट भांडले होते,
त्याच्या मेलेल्या भावापर्यंत गेले होते.
आज तो आवाज थांबला की मी मागे वळून बघते.

नाचणीची कापलेली शेतं, कारवीच्या वाळल्या काड्या.
गव्याच्या खुरांत साचलेलं काल रात्रीचं दव.
शिवलीला पुढे. ती बैलहोंगलची,
डोंगर असा तिने पहिल्यांदाच पायांनी पाहिला.
पहिल्या दिवशी दर वळणावर विचारायची,
"अजून किती लांब हाय?"
आज वैजनाथने आपणहून सांगितलं, "चार किलोमीटर."
ती त्याच्यावर खेकसली,
"तुला कुणी विचारलं?"

ओढ्यावर बसलो. तहान नव्हती.
बिस्किटाच्या पुड्यात दोन बिस्किटं आणि चुरा.
चुरा आधी संपला.

मग एकदम झाडी संपली, आणि समोर
पाण्याच्या टाकीवर गुटख्याची जाहिरात,
एक कोंबडी, एक मोबाईलचा टॉवर,
आणि चौघांचे फोन खिशात एकाच वेळी
थरथरायला लागले, पकडलेल्या बेडकांसारखे.
कुणीच काढला नाही. निदान टपरीपर्यंत.

टपरीवाल्याने विचारलं, "साकु?"
शिवलीला म्हणाली, "साकु."
पुरे. पण पेले खाली ठेवायला
आम्हाला अर्धा तास लागला.

वैजनाथने वही काढली.
वर्गणी, तांदूळ, आयोडेक्स, मेणबत्त्या,
"इनास: काथ्या १५", "धनगराच्या पोरांना गूळ",
रवळूला परत दिलेले पैसे, दोन रेघा मारून.
एकशे पंच्याहत्तर उरले.
चौघांना त्रेचाळीस.
"बाकी तीन," तो म्हणाला,
आणि ते तीन रुपये बाकावर मध्ये पडून राहिले.
कुणी उचलेना.
शेवटी मी उचलले, बॅटरीच्या पोटात टाकले,
सेल काढून.

बस आली. पाटी कन्नडमधे.
शिवलीलाने वाचून दाखवली,
आम्हा तिघांनाही ती वाचता येते हे विसरून,
आणि आम्ही ऐकून घेतली.
कंडक्टर ओरडला, "मुंद होगरी, मुंद!"
नऊ दिवस तेच तर करत होतो.

तिसऱ्या रेल्वे गेटला मी उतरले.
खिडकीतून इनासचा हात, त्याच्या पलीकडे वैजनाथची टोपी.
शिवलीला झोपली होती, तोंड उघडं टाकून.
तिला उठवू नका, अशी खूण केली.

रात्री घरात फरशी फार सपाट वाटली.
दोनदा ठेचकाळले, कशालाच नाही.
तेवढ्यात रवळूचा फोन.
पोचलात? किती वाजता? अस्वल दिसलं?
मी सांगत गेले. तो हं, हं करत गेला.
मग, आपण विचारतो तसं, त्याने विचारलं,
"आणि, बाकी काय?"

"तीन रुपये," मी म्हणाले.

मला वाटलं, हसेल.
बराच वेळ पलीकडे फक्त पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
"त्यात माझे किती?"